साठ रुपयांचं खारट 'ऑफिस टाइम'

नर्सरीचं नाव सांगत नाही, कारण तिथली बाकीची रोपं चांगली निघाली. पण 2023 च्या दिवाळीनंतर 'ऑफिस टाइम' (म्हणजे चिनी गुलाब) म्हणून साठ रुपयांना आणलेली पिशवी ऑफिस टाइमची नव्हतीच. मला हवा होता चिनी गुलाबाचा भडक राणी रंग. आली ती नखाएवढी फिकट चांदणी. परत द्यायला गेले तर म्हणे, "बेन, आ एज छे." (ताई, हेच ते.)

पुतणी इथे वडोदऱ्यात युनिव्हर्सिटीत बॉटनी करते. तिने फूल उलटं करून दाखवलं. पाकळ्या नाहीतच, बाहेरून हिरवी असलेली निदलंच (कळीचं आवरण) आतून गुलाबी. हे समुद्रकाठचं सेसुवियम, म्हणाली. वर हेही सांगितलं की वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनिअसने 1753 मध्ये ते ऑफिस टाइमच्याच गोतात घातलं होतं आणि 1759 मध्ये वेगळं काढलं. आता नर्सरीवाल्यावर किती चिडणार!

मग एक पान चावून पाहिलं. खारट! सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर लुणीची, आपल्या घोळीची बहीण."

आमच्याकडे बोअरचं पाणी. कुंड्यांवर पांढरा थर चढतो, गुलाबाची पानं कडेने करपतात. हे त्याच पाण्यावर ओट्यावरून खाली उतरलं. लालसर देठ मातीला टेकला की पेरापेराला मुळं फुटतात. एका पिशवीच्या सात कुंड्या झाल्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी दोन दिवस अंगणात होतं. पुदिना गेला, शेवंती गेली. याच्यावरचा गाळ नळीने धुतला, तर खालची पानं पिवळी पडलेली, बाकी सगळं जागच्या जागी.

ऊन मात्र कडक हवं. हिंचक्याजवळच्या सावलीतली कुंडी नुसती लांबुळकी झाली, फूल एक नाही. थंडीत वाढही रेंगाळते.

घरी फुटलेल्या कोवळ्या शेंड्यांची डाळभाजी केली (नर्सरीतून आणलेलं थेट खाऊ नका, औषध मारलेलं असतं). दोनदा उकळून पाणी फेकलं, मीठ निम्मं घातलं, तरी ह्यांनी जेवताना तीनदा पाणी मागितलं.

झाडाला पाचपैकी साडेचार, नर्सरीच्या पाटीला शून्य. चिनी गुलाब अजून आणायचाय, पण यंदा फुलावर आलेलाच उचलणार.