निवडणुकीतली बंदूक-जमा: पोलीस ठाणे बरे की दुकानातली सेफ कस्टडी?

आचारसंहिता लागली की तळकोकणातल्या परवानाधारकाला ठरलेला निरोप येतो: हत्यार जमा करा. शेतीसंरक्षणाची ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक असो, बारा बोअरची एकनळी-दुनळी असो की स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्व्हर, जमा करायच्या जागा दोनच. एक, आपल्या हद्दीतले पोलीस ठाणे. दुसरी, सेफ कस्टडीचा, म्हणजे दुसऱ्याचे शस्त्र सांभाळून ठेवण्याचा, परवाना असलेला शस्त्रविक्रेता. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्येही याच दोन जागा सांगितल्या आहेत. सैन्यातल्या माणसासाठी युनिटचे शस्त्रागार ही तिसरी. पहिली सेवा फुकट आहे, दुसरीला भाडे पडते. दोन्हींकडून काय मिळते आणि कुठे घोळ होतो, ते इथे लिहितो आहोत.

काळ किती जातो तो आधी बघा. २०२४ ची लोकसभा आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला. म्हणजे ८० दिवस, तेही काजू आणि आंबा हाताशी येण्याचे. त्याच वर्षी विधानसभेसाठी १५ ऑक्टोबरला पुन्हा आचारसंहिता आली आणि निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे भातकापणीचा हंगाम. रानडुकरांचा कळप पिकलेल्या भातात शिरतो तो याच दिवसांत. शेतीसाठी बंदूक बाळगणाऱ्याला ती नेमकी लागते तेव्हाच ती ठाण्याच्या कोपऱ्यात उभी असते, ही तक्रार खरी आहे आणि ती सरकारदरबारी पुन्हा पुन्हा मांडायलाच हवी. (बंदूक असली तरी रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागतेच, हे विसरू नये.)

दुसरी भीती सरकार बदलण्याची. दर निवडणुकीला कुजबुज सुरू होते की यंदा जमा केलेली बंदूक परत मिळणार नाही, नवे सरकार परवानेच रद्द करणार. या भीतीला एक कारण आहे. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली. मूळ विधेयकात तर एकच शस्त्र होते; आक्षेप आल्यावर दोनवर तडजोड झाली. तिसरे शस्त्र जमा करायला वर्षाची मुदत होती. आजोबांची बंदूक वारशाने आलेली असली तरी ती मोजणीतून सुटली नाही. त्या वर्षभरात अनेकांनी घाबरून मिळेल त्या भावाने चांगल्या दुनळ्या काढून टाकल्या. त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, ही सोयीची बाजू मात्र फारशी कोणी सांगितली नाही.

पण शस्त्रे हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत येतो. मुंबईतले सरकार बदलले म्हणून शस्त्र कायदा बदलत नाही. त्यासाठी संसदेत विधेयक यावे लागते. राज्यात बदलतो तो कारभार: नवा परवाना देताना किती ताणायचे, नूतनीकरणाची फाईल किती दिवस ठेवायची, जमा करण्याचा आदेश किती सरसकट काढायचा. शिवाय जमा करणे म्हणजे परवाना रद्द होणे नव्हे. रद्द किंवा निलंबित करायला कलम १७ खाली कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर कलम १८ खाली अपील आहे. तेव्हा काळजी करायचीच तर नव्या कायद्याची कमी आणि आपल्या हातातल्या पावतीची जास्त करावी.

जमा सगळ्यांनी करायची का, हाही प्रश्न विचारायला हवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरसकट जमा करून घेण्यावर बोट ठेवले आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने छाननीची पद्धत घालून दिली. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस प्रमुख यांच्या समितीने परवानाधारकांची यादी तपासायची. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सापडलेले, अशांकडे आधी बघायचे. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्य नेमबाजांना स्पर्धेच्या शस्त्रासाठी सूट मिळते. प्रत्यक्षात फोन येतो आणि सगळ्यांना सारखेच बोलावले जाते. अशा वेळी हुज्जत घालू नये, पण लेखी आदेशाची प्रत मागावी. सूट हवी असेल तर पहिल्या आठवड्यातच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्जाला सातबारा, पीक नुकसानीचे जुने पंचनामे आणि परवान्याची प्रत जोडावी. पंचनामे जोडलेल्या अर्जाला वजन येते. नुसत्या विनंतीला येत नाही.

आता पोलीस ठाण्याची सेवा. जवळ, फुकट आणि सरकारी यादीत नाव लगेच लागते, हे तिचे मोठे गुण. उणीव साठवणीची. निवडणुकीत एकेका ठाण्यात शेकडो बंदुका येऊ शकतात आणि त्या जागा मिळेल तशा एकमेकींना टेकवून उभ्या केल्या जातात. नळीवर नळी घासून ब्ल्यूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) जाते, दस्त्याला खोक पडते, पट्टे आणि गज (नळीत घालायची लांब कांडी) अदलाबदल होतात. मे महिन्याच्या दमट हवेत तेल न लावलेली नळी महिनाभरात तांबूस होते. पहिला पाऊस पडेपर्यंत परत मिळाली नाही तर आतून खड्डे पडायला सुरुवात होते. यात ठाण्यातल्या अंमलदाराचा दोष कमी आहे, जागेचा आणि नियोजनाचा जास्त. पाचपैकी अडीच गुण.

पावतीवर मात्र तडजोड करू नका. नुसते 'एक बंदूक मिळाली' असे लिहिलेली चिठ्ठी कामाची नाही. पावतीवर परवाना क्रमांक, परवान्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), शस्त्राचा प्रकार (एकनळीला एसबीबीएल, दुनळीला डीबीबीएल, ठासणीच्या बंदुकीला एमएल असे लिहितात), बोअर (नळीचे माप), बनवणाऱ्याचे नाव, नळीवरचा क्रमांक, सोबतचा गज-पट्टा-कव्हर, काडतुसे घेतली असतील तर त्यांचा आकडा, तारीख, अंमलदाराची सही आणि ठाण्याचा शिक्का हवा. जुन्या ठासणीच्या बंदुकांचा क्रमांक झिजलेला असतो आणि घोळ तिथेच होतो: परवान्यावर ७ आहे, नळीवर १ दिसतो, परत देताना 'ही तुमची नाही' असे ऐकावे लागते. म्हणून आदल्या दिवशी क्रमांकावर तिरपा उजेड पाडून मोबाइलवर फोटो काढा. दोन्ही बाजू, नळीचे तोंड आणि दस्त्यावरचे जुने ओरखडे यांचेही फोटो काढून ठेवा. मूळ परवाना ठाण्यात ठेवू नका, छायांकित प्रत द्या. ओळखीची चिठ्ठी लॅमिनेट करून चापाच्या कडीला सुती दोऱ्याने बांधा. तार वापरली तर ती नळी घासते.

जमा करण्याआधीची तयारी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बंदूक रिकामी आहे याची खात्री सर्वात आधी, आणि नळीचे तोंड सतत सुरक्षित दिशेला. बारा बोअरमध्ये ती मोडून (बिजागरीवर उघडून) दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला की झाले. ठासणीच्या बंदुकीत नुसते डोळ्यांनी कळत नाही. आधी केप (बार पेटवणारी छोटी टोपी) काढलेली आहे ना ते बघा. मग बाजूला उभे राहून गज नळीत तळापर्यंत अलगद सोडा आणि तोंडाशी बोटाने खूण धरा. गज बाहेर काढून नळीच्या बाजूने तसाच लावा. त्याचे टोक निपलच्या (केप बसते त्या खुंटीच्या) जागेपर्यंत पोहोचले पाहिजे. चार बोटे अलीकडे थांबले, तर आत बार ठासलेला आहे असेच समजायचे. असा बार घरी उकरत बसू नका. जाणत्या शस्त्र कारागिराकडून काढून घ्या. भरलेली ठासणीची बंदूक ठाण्यात जाऊन पडणे हा या सगळ्या प्रकारातला खरा धोका आहे, आणि तो टाळणे पूर्णपणे मालकाच्या हातात आहे.

मग सफाई. काळ्या दारूची काजळी हवेतले पाणी ओढते, म्हणून नुसते तेल फिरवून भागत नाही. तेलाखाली गंज चालूच राहतो. निपल काढून नळी कढत पाण्याने धुवा, कापडाचा बोळा पांढरा निघेपर्यंत फिरवा, पूर्ण वाळू द्या, त्यानंतरच गन ऑइल. बारा बोअरला पितळी ब्रश, सॉल्व्हंट, कोरडा बोळा आणि तेलाचा पातळ हात एवढे पुरते. खोबरेल लावू नका. ते काही आठवड्यांत चिकट होते आणि खटक्यात बसते. तेल ओतूनही उपयोग नाही, कारण बंदूक तोंड वर करून उभी राहिली तर ते दस्त्याच्या लाकडात उतरून लाकूड मऊ पडते. कव्हर सुती द्या. चामड्याचे आणि प्लास्टिकचे कव्हर ओल धरून ठेवते. काडतुसे वेगळ्या डब्यात, मोजून. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसे जुन्या कागदी वेष्टनातली असतील तर ती ओलीने फुगतात आणि चेंबरमध्ये बसत नाहीत. अशी काडतुसे परत आल्यावर जोर लावून भरू नयेत.

दुकानातली सेफ कस्टडी यापेक्षा बरी, पण डोळे झाकून नव्हे. चांगल्या दुकानात रॅकवर प्रत्येक बंदुकीला स्वतंत्र खाच असते, खोली कोरडी असते आणि महिन्याला तेलाचा हात फिरतो. हे तिन्ही दाखवायला सांगा. दाखवायला काचकूच करणारे दुकान सोडा. सेफ कस्टडीचा परवाना चालू आहे का, हे भिंतीवरच्या प्रतीवर वाचा, कारण विक्रीचा परवाना असला म्हणजे कस्टडीचा असतोच असे नाही. भाडे महिन्यावर की वर्षावर, मोडका महिना पूर्ण धरतात का, तेलपाणी त्यात आले का, हे आधीच लिहून घ्या. आचारसंहितेच्या पहिल्या आठवड्यात गर्दी होते आणि जागा संपते. अडचण अशी की अशी दुकाने बहुधा मोठ्या शहरांत, आणि दोडामार्ग किंवा राजापूरच्या शेतकऱ्याला तिथवर बंदूक न्यायची म्हणजे वाट वाकडी करणे आले. नेताना ती रिकामी, कव्हरमध्ये आणि मूळ परवान्यासह हवी. शस्त्र बाळगण्यावर बंदीचा आदेश निघाला असेल तर निघण्यापूर्वी ठाण्यातून लेखी परवानगी घ्या.

दुकानात जमा केल्यावर काम संपत नाही. दुकानाच्या पावतीची प्रत त्याच दिवशी आपल्या ठाण्यात देऊन पोच घ्यायची. ती दिली नाही तर यादीत 'जमा नाही' असा शेरा राहतो आणि आठवड्याभरात घरी माणूस येतो. एवढे सांभाळले तर दुकानाला पाचपैकी साडेतीन. किमती दुनळीला, रायफलीला आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला दुकानच घ्यावे. साध्या ठासणीच्या बंदुकीसाठी तयारी नीट केली असेल तर ठाणे पुरते. भाड्याचा आणि प्रवासाचा खर्च तिला परवडत नाही.

जमा असतानाच परवान्याची मुदत संपणे, हे परत न मिळण्याचे सगळ्यात मोठे कारण. मुदत संपलेल्या परवान्यावर कोणी शस्त्र हातात देत नाही, आणि देऊही नये. मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी एनडाल-अलिस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरा, छापील प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत द्या, आणि शस्त्र तपासणीच्या जागी जमा पावतीची प्रत जोडा. पोर्टल अर्जाची नोंद ठेवण्यात चांगले आहे. मात्र नाव, जन्मतारीख आणि पत्ता परवान्यावर जसा आहे तसाच भरावा लागतो. जुन्या हस्तलिखित परवान्यावर 'मु. पो.' नंतरचे गावाचे नाव एक आणि आधारवर दुसरे असेल, तर अर्ज तिथेच अडतो. पत्त्याची दुरुस्ती निवडणूक नसलेल्या काळात उरकून घ्यावी.

आयोगाच्या सूचनेप्रमाणे निकालानंतर आठवडा उलटला की शस्त्रे परत मिळायला हवीत. ठाण्यातून निरोप यायची वाट पाहू नका; आठव्या दिवशी पावती, परवाना आणि फोटो घेऊन जा. टाळाटाळ झाली तर ठाणे अंमलदाराच्या नावे अर्ज आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. सही करण्याआधी क्रमांक जुळवा, बंदूक मोडून बघा, गज-पट्टा मोजा. नुकसान दिसले तर परतीच्या नोंदीतच लिहायला सांगा. नंतर घरून केलेल्या तक्रारीला आधार राहत नाही. आणि पहिला बार काढण्यापूर्वी नळीतून आरपार उजेड बघाच, ठासणीची असेल तर गज पुन्हा तळापर्यंत सोडून बघा. उन्हाळ्यात उभ्या ठेवलेल्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करते, कधी धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेला बोळा तसाच राहतो. अशा अडकलेल्या नळीतून बार काढला तर नळी फाटते, आणि तोवर डावा हात तिच्याखालीच असतो.