जर्मनीचं शान्सेनकार्टे : तेरा हजार युरो अडकवण्याआधी

पुण्यातल्या जर्मन क्लासच्या जाहिरातींत हल्ली 'अपॉर्च्युनिटी कार्ड' ठळक टायपात असतं आणि खाली 'जॉब ऑफरची गरज नाही'. ते खरं आहे. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या या कार्डावर, जर्मन लोक ज्याला शान्सेनकार्टे म्हणतात त्यावर, हातात नोकरी नसताना जर्मनीत जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते. जाहिरातीत येत नाही ते असं, की या कार्डावर पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. आठवड्याला २० तासांचं जोडकाम आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणीचं काम, एवढीच मुभा. नोकरी पक्की झाली की ब्लू कार्ड (ठरावीक पगाराच्या वरच्या उच्चशिक्षितांचा परवाना) किंवा कुशल कामगाराचा परवाना वेगळा काढायचा.

तरी आधीच्या जॉब सीकर व्हिसापेक्षा हे कितीतरी बरं. तिथे सहा महिने मिळायचे आणि कमाईची वाट जवळपास बंद. गुण द्यायचेच तर अर्जाच्या व्यवस्थेला पाचपैकी चार आणि पैशांच्या मोबदल्याला अडीच. जर्मन बी१ (ए१ ते सी२ या चढत्या पातळ्यांतली तिसरी) हातात असेल तर अडीचचे साडेतीन करायला हरकत नाही.

सगळ्यांचा गोंधळ गुणांवरून होतो. कार्डाला दोन वाटा आहेत. पदवी जर्मन पदवीशी पूर्ण समकक्ष ठरली असेल, तर गुण मोजायचेच नसतात. चार वर्षांच्या बीई, बीटेकवाले पुष्कळजण या वाटेने जाऊ शकतात, आणि तरी एजंटला पैसे देऊन गुणांचा तक्ता भरून घेतात. तीन वर्षांची बीएस्सी, बीकॉम, बीसीए, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, दोन वर्षांचा आयटीआय, यांना मात्र बहुतेकदा गुणांची वाट धरावी लागते. तिथे निदान जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ हवं, आणि वर सहा गुण.

गुण असे: वय ३५ पर्यंत दोन, ४० पर्यंत एक. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल तर दोन, गेल्या सातांत पाच वर्षांचा असेल तर तीन. जर्मन ए२ ला एक, बी१ ला दोन, बी२ ला तीन. इंग्रजी सी१ ला एक. टंचाईच्या व्यवसायातली पात्रता, एक. जोडीदारही कार्डाला पात्र असून बरोबर अर्ज करत असेल तर एक. गेल्या पाच वर्षांत जर्मनीत सलग सहा महिने कायदेशीर राहणं झालं असेल तर एक. पर्यटनाचे दिवस धरत नाहीत. पात्रतेला जर्मनीत अंशतः मान्यता मिळाली असेल तर एकदम चार.

आता २९ वर्षांचा बीसीए घ्या. चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, आयईएल्टीएसमध्ये सी१. वयाचे दोन, अनुभवाचे दोन, इंग्रजीचा एक, आयटी टंचाईच्या यादीत म्हणून एक. झाले सहा, आणि जर्मनचा एक शब्द येत नाही. हाच माणूस ४१ वर्षांचा आणि पंधरा वर्षं अनुभवाचा असता तर तीन, एक, एक मिळून पाच. त्याला ए२ ची परीक्षा दिल्यावाचून पर्याय नाही. गंमत अशी, की तिकडे नोकरी मिळण्याची शक्यता ए२ वाल्याची जास्त. मुलाखतीत दोन वाक्यं तरी बोलता येतात! कागदावरचे सहा गुण फक्त दार उघडतात. आतल्या कंपन्यांना, विशेषतः मोठी शहरं सोडली तर, जर्मन लागतं.

समकक्षता बघायची ती आनाबिन या जर्मन डेटाबेसमध्ये. दोन पानं छापून हवीत. एक संस्थेचं, ज्यावर 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असायला हवं, आणि दुसरं पदवीचं. शोधताना कॉलेजचं नाव टाकू नका, पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे ते टाका. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, तेव्हा जुन्या-नव्या दोन्ही नावांनी बघा. पदवीपुढे 'एंटश्प्रिश्ट' किंवा 'ग्लाइशवेर्टिग' असेल तर पूर्ण समकक्ष. 'बेडिंग्ट फेर्ग्लाइशबार' म्हणजे सशर्त, त्यावर पहिली वाट मिळत नाही. पदवीच यादीत नसेल तर झेडएबी या सरकारी संस्थेकडून तुलनापत्र काढावं लागतं, शुल्क २०८ युरो. डिप्लोमा आणि आयटीआयसाठी त्याच झेडएबीकडून व्यावसायिक पात्रतेची वेगळी डिजिटल माहिती मिळते. हे काम सर्वांत आधी सुरू करा, कारण पुढचं सगळं त्यावर थांबतं.

अर्ज अडकतात ते अनुभवपत्रापाशी. आपल्याकडची पत्रं साधारण अशी: 'अमुक हे आमच्याकडे १२ जून २०२१ ते ३० मे २०२५ या काळात सीनियर एक्झिक्युटिव्ह म्हणून कार्यरत होते. त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा.' यातून वकिलातीतल्या माणसाला काहीच कळत नाही. गुण मिळतात ते पात्रतेशी संबंधित अनुभवाला. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये काढलेली पाच वर्षं शून्य धरली जाऊ शकतात. पत्रात रोज काय काम केलं, कोणती यंत्रं किंवा प्रणाली वापरल्या, आठवड्याचे तास किती, हे लेटरहेडवर सहीशिक्क्यासकट हवं. जुनी कंपनी बंद पडली असेल तर पीएफचं पासबुक आणि फॉर्म १६ जोडा.

नावांचंही एक खास मराठी दुखणं आहे. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, आणि लग्नानंतर पासपोर्टवर तिसरंच. विवाह प्रमाणपत्र मराठीत असेल तर त्याचं भाषांतर आणि सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं तर एक फेरी वाचते.

पैशांकडे वळू. वर्षभर पोट भरेल हे दाखवायला २०२५ च्या दराने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ताच काढता येतो अशा खात्यात, ठेवावे लागतात. विद्यार्थ्यांची रक्कम ११,९०४ आहे आणि पुष्कळजण मित्राचं बघून तीच भरतात. मग फरक भरेपर्यंत अर्ज तसाच. जर्मनीतल्या नातेवाइकाने तिथल्या कचेरीत हमीपत्र दिलं तर पैसे अडकवावे लागत नाहीत. जोडकामाचा करारही चालतो, पण हिशोब करून बघा: २०२५ च्या किमान वेतनाने, ताशी १२.८२ युरो धरून, २० तासांचे महिन्याला साधारण १,११० व्हायचे, आणि कपातीनंतर हातात येणारे १,०९१ च्या खाली.

भारतातून पैसे पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, हे कोणी सांगत नाही. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर परदेशी पाठवलेले पैसे १० लाखांच्या वर गेले, की वरच्या रकमेवर २० टक्के. शिक्षणासाठीची सवलत इथे लागू नाही, कारण तुम्ही विद्यार्थी नाही. एक युरो १०० रुपये धरला तर १३,०९२ युरोंचे १३.०९ लाख, आणि टीसीएस सुमारे ६२,००० रुपये. विवरणपत्रात ते परत मिळतात, पण वेळेला खिशातून जातात. तारीख जुळत असेल तर अर्धी रक्कम ३१ मार्चच्या आत आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवा. आईवडिलांच्या खात्यातून पाठवायची तर ब्लॉक्ड अकाउंटवाल्या कंपनीला ते चालतं का, हे आधी लेखी विचारा.

अर्ज कॉन्स्युलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन होतो, आणि या भागाला मनापासून शाबासकी. आधी अपॉइंटमेंटसाठी महिनोनमहिने डोळे लावून बसावं लागायचं. आता कागद अपलोड करायचे, वकिलात ते तपासते, कमी असेल ते मागते, आणि मगच बोटांचे ठसे व मूळ कागदांसाठी बोलावते. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वकिलातीखाली येतात. शुल्क ७५ युरो, रुपयांत. त्रुटींची सूचना ईमेलवर येते, तेव्हा स्पॅम रोज चाळा. आरोग्य विमा नेमका कशाचा आहे तेही बघा: साधी ट्रॅव्हल पॉलिसी इथे चालत नाही.

नोकरी आधीच मिळाली असेल तर या कार्डाच्या नादी लागू नका. पगार ब्लू कार्डाच्या मर्यादेएवढा असेल (२०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो, टंचाईच्या व्यवसायात ४३,७५९.८० युरो होती) तर सरळ ब्लू कार्ड. नर्सिंगवाल्यांनीही आधी पात्रतेची मान्यता सुरू करावी. आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी केलेला करार वेगळा, हे कार्ड वेगळं. दोन्ही एकच म्हणून सांगणाऱ्याकडून लगेच उठा.

तिकडे उतरल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. ती घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत करायची, आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. काही दिवसांपुरत्या खोलीवर असा कागद सहसा कोणी देत नाही, आणि तो नसला की बँक खातं, टॅक्स नंबर, ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता, सगळं लांबतं. खोली ठरवतानाच हा प्रश्न विचारा. वर्ष संपताना कुशल कामाचा करार हातात असेल, पण दुसरा परवाना बसत नसेल, तर कार्ड दोन वर्षांपर्यंत वाढू शकतं. नुसता शोध चालू आहे म्हणून वाढत नाही.

नकार आला तर पूर्वीसारखा वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता येत नाही. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. बर्लिनच्या न्यायालयात जा, नाहीतर चूक दुरुस्त करून पुन्हा ७५ युरो भरा. नकारपत्राची प्रत दिली की ब्लॉक्ड अकाउंटमधली रक्कम परत येते. त्या कंपनीचं शुल्क येत नाही, आणि युरोचे पुन्हा रुपये करताना बँक जे कापते तेही.