शीतलामाता बाजारातील महेश्वरी साड्यांची एक पेढी

महेश्वरी न ठेवणारे साड्यांचे दुकान इंदूरमध्ये सापडणे कठीण आहे. मात्र समोर टाकलेली साडी हातमागाची आहे की यंत्रमागाची, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगणारे दुकान त्याहून दुर्मिळ आहे. राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शीतलामाता बाजारातील एका पहिल्या मजल्यावर असलेली ही लहानशी पेढी त्या एका गुणामुळे आमच्या नात्यातील बहुतेक बायकांची खरेदीची जागा होऊन बसली आहे. तिचे दोषही आता तितकेच परिचयाचे झाले असल्यामुळे दोन्हींची नोंद येथे करीत आहे.

दुकानात काचेची कपाटे नाहीत आणि साडी नेसवलेले पुतळेही नाहीत. पांढरी चादर अंथरलेली गादी, कडेला दोन लोड आणि भिंतीला लागून लाकडी फळ्या, एवढाच थाट आहे. डावीकडच्या फळ्यांवर नर्मदेकाठच्या महेश्वर गावाहून आलेला हातमागाचा माल असतो आणि उजवीकडे यंत्रमागाचा. मालकांचे बोलणे माळवी वळणाच्या हिंदीतले असले, तरी मराठी गिऱ्हाईक ओळखले की ‘काकू, काठ उलटून बघा’ इतपत मराठी ते सहज बोलतात. उजवीकडच्या एखाद्या साडीवर नजर गेली की ‘ती मशीनची आहे, बाराशेची आहे, रोजच्या वापराला चांगली आहे’ असे ते लगेच सांगून टाकतात. यंत्रमागाची साडी विकण्यात गैर काहीच नाही. रोज नोकरीवर जाणाऱ्या, घरी धुवून घरीच इस्त्री करणाऱ्या बाईला तीच सोयीची असते. गैर आहे ते तीच साडी ‘खास महेश्वरची’ म्हणून तिप्पट दराने गळ्यात मारणे, आणि हा अनुभव या शहरात अनेकींना आलेला आहे.

महेश्वरी पारखायची ती काठावरून, आणि येथे दाखवण्याची सुरुवातही काठापासूनच होते. तो दोन्ही अंगांनी सारखाच उठावदार असतो, त्यामुळे साडीला उलट-सुलट राहत नाही. विणकर त्याला बुगडी म्हणतात. चटाई, वीट, हिरा, लहर या काठावरच्या नक्ष्यांचा संबंध महेश्वरच्या किल्ल्यावरील व घाटावरील दगडी कोरीवकामाशी जोडला जातो, आणि ज्यांनी तो घाट पाहिला आहे त्यांना हे पटण्यास वेळ लागत नाही. पदरावर आडवे पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे. या साडीत आता बहुधा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. या नीम-रेशमी विणीमुळे साडीच्या अंगाला चमक येते, पण वजन वाढत नाही, आणि इंदूरच्या मे महिन्यातल्या लग्नकार्यात याचे मोल नेसणारीलाच कळते.

यंत्रमागाच्या नकलेत रेशमाच्या जागी बहुतेक वेळा पॉलिस्टर असते. शंका घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मालक पदराच्या दशांतला एक उभा धागा ओढून काडीने पेटवून दाखवतात. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. अर्थात या परीक्षेने धागा कळतो, माग कळत नाही. अस्सल रेशीम यंत्रमागावरही विणता येते, म्हणून मागाच्या बाबतीत शेवटी विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते, आणि या पेढीला पैसे मोजायचे ते मुख्यतः त्या शब्दासाठी.

हा माल येतो कुठून, हे इंदूरच्या मराठी घरांत सांगण्याची गरज नसावी. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली, विणकर वसवले, आणि आल्यागेल्या पाहुण्यांना देण्याची लुगडी तेथेच विणली जाऊ लागली. पुढे 1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली, विणकर मात्र नर्मदेकाठीच राहिले. विसाव्या शतकात मागे पडलेल्या या विणकामाला 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर कुटुंबातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी सुरू केलेल्या रेहवा संस्थेमुळे पुन्हा बळ मिळाले. आजही सुमारे नव्वद किलोमीटर अंतर कापून, निमाडातून घाट चढून गठ्ठे इंदूरला येतात. थेट महेश्वरला जाऊन साडी घेण्याचा आनंद निराळा असतो, कारण तेथे गल्लीगल्लीतून मागाचा आवाज ऐकू येतो. पण प्रवाशांच्या गर्दीवर चालणाऱ्या काही दुकानांत तेथेही यंत्रमागाचा माल शिरला आहे, तेव्हा केवळ गावाच्या नावावर विश्वास टाकू नये.

मराठी गिऱ्हाइकाची खरी अडचण नऊवारीची आहे. सहावारीचे ढीग आहेत, नऊवारी मात्र तयार अशी दोन-चारच मिळते आणि तीही बहुधा मोतिया किंवा डाळिंबी रंगात. चंद्रकला, बैंगनी चंद्रकला, चंद्रतारा, बेली, परबी हे महेश्वरीचे जुने प्रकार. यांतल्या पहिल्या दोन साध्या अंगाच्या, बाकीच्या पट्ट्यांच्या किंवा चौकड्यांच्या. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसण्याची रीत आपल्याकडे असूनही काळी नऊवारी येथे फळीवर सापडत नाही. मालकांचे म्हणणे असे की एका साडीसाठी मागावर काळा ताणा, म्हणजे उभे धागे, कोणी चढवत नाही. चार-सहा मागण्या जमल्या तरच विणकर तयार होतो. कारण रास्त आहे, परंतु निम्म्या मराठी गिऱ्हाइकीवर चालणाऱ्या दुकानाने स्वतःच्या हिमतीवर वर्षातून एक काळा ताणा लावून घेण्यास हरकत नसावी.

दर ठरलेले आहेत. साधी नीम-रेशमी सहावारी 3,500 रुपयांच्या आसपास सुरू होते, भरगच्च जरीकाठाची किंवा टिश्यूची, म्हणजे अंगातही जरीचा धागा विणलेली, 6,000 च्या पुढे जाते. घासाघीस केल्यास फार तर फॉल-पिको फुकट करून मिळते. टिश्यूच्या साड्यांबद्दल मी फारशी अनुकूल नाही. त्या दिसायला देखण्या असल्या, तरी घडीवर चटकन मोडतात आणि महेश्वरीचा मऊपणा त्यांत उरत नाही.

दोषांपैकी सर्वांत मोठा पावतीचा आहे. तोंडाने एवढे स्पष्ट बोलणारे मालक कागदावर नुसतेच ‘साडी, 1 नग’ असे लिहितात. हँडलूम मार्कची पट्टीही प्रत्येक साडीला नसते. आग्रह धरल्यास ‘हातमाग, रेशीम-सूत’ असे लिहून देतात, तेव्हा आग्रह धरावा. दुसरे असे की ट्यूबलाइटच्या उजेडात जांभळा आणि वांगी हे रंग एकच वाटतात. साडी खिडकीपाशी नेऊन पाहावी, त्यासाठी गादीवरून उठावे लागले तरी संकोच करू नये. गडद रंगाच्या साड्या पहिल्या धुण्यात थोडा रंग सोडतात, हे विकताना सांगितले जात नाही. जिना अरुंद व चढा असल्यामुळे वयस्क बायकांचे हाल होतात; खाली निरोप दिल्यास नोकर गठ्ठा घेऊन उतरतो, पण त्यात निवडीची मजा राहत नाही.

बाजारात गाडी नेण्याचा विचार करू नये, आणि जायचे तर सकाळी अकराच्या सुमारास, दुपारची गर्दी सुरू होण्यापूर्वी जावे. संक्रांतीसाठी काळी नऊवारी हवी असेल, तर नात्यातल्या आणखी तीन-चार जणींना तयार करून दसऱ्यापूर्वीच एकत्र मागणी नोंदवावी आणि काठाची नक्षी, पन्हा व जरीचा रंग या तिन्ही गोष्टी मालकांच्या वहीत स्वतःसमोर लिहवून घ्याव्यात.