३ सेंटचं तिकीट आणि चार चॅप्लेन

अमेरिकेचं १९४८ चं चार चॅप्लेनवालं (चॅप्लेन म्हणजे सैन्यातले धर्मगुरू) ३ सेंटचं टपाल तिकीट घेतलं एकदाचं. काळपट राखाडी, एकच रंग, अल्बममध्ये रंगीत तिकिटांशेजारी लावलं तर नजर सरळ पुढे जाते. पण भिंग धरून बघा. बारीक रेघारेघांतून चार चेहरे आणि बुडणारी बोट, मी तर बराच वेळ तसाच बसून राहिलो.

बोट म्हणजे डॉर्चेस्टर, अमेरिकन सैनिक नेणारी, हे चौघं तिच्यावरच होते. ३ फेब्रुवारी १९४३ ला मध्यरात्र उलटल्यावर ग्रीनलंडजवळ जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, नऊशेवर माणसं होती आणि वीसेक मिनिटांत बोट गेली. लाईफ जॅकेट घालूनच झोपा असं कॅप्टनने सांगितलेलं, पण खाली इंजिनाच्या उष्णतेने कित्येकांनी ती काढून ठेवलेली. डेकवर हे चौघं जॅकेटं वाटत होते, ती संपली तर अंगावरची काढून दिली, घेणारा कुठल्या धर्माचा हे विचारलंच नाही. वाचले साधारण २३० जण, हे चौघं त्यांत नव्हते. एकजण हातमोजे आणायला परत केबिनकडे निघाला तर चौघांपैकी रब्बी (ज्यू धर्मगुरू) गूडनी आपले दिले, म्हणाले माझ्याकडे दुसरी जोडी आहे. ती दुसरी जोडी नव्हतीच, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

तक्रार एकच, तिकिटावर चौघांची नावं नाहीत! जॉर्ज फॉक्स, अलेक्झांडर गूड, क्लार्क पोलिंग, जॉन वॉशिंग्टन, एवढं बसवता आलं असतं की. आधीच्या एका डिझाइनमध्ये 'सर्व धर्मांच्या माणसांना वाचवताना मेले' अशा अर्थाची ओळ होती म्हणे, तीही गेली. माझ्या रेटिंगमधला अर्धा स्टार त्यासाठी कापला. पण राष्ट्राध्यक्ष सोडून इतरांसाठी मृत्यूनंतर दहा वर्षं थांबायचा तिथला तेव्हाचा रिवाज, आणि यांच्यासाठी पाचच वर्षांत तिकीट काढलं, ही गोष्ट लहान नाही.

फिलाडेल्फियात यांच्या नावाचं चॅपलही (प्रार्थनाघर) आहे, १९५१ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी उद्घाटन केलं, तिथे मूळ जागी तीन पंथांच्या वेद्या एकाच फिरत्या चौथऱ्यावर होत्या. कल्पना सुंदरच, तरी मला तिकीट जास्त जवळचं वाटतं कारण तेव्हा साध्या पत्राला ३ सेंटच लागायचे, म्हणजे हे चेहरे कुणाच्याही घरच्या खुशालीच्या पत्रावर बसून गावोगाव गेले.

घेणार असाल तर कोरं घ्याच, पण एक वापरलेलंही घ्या. मी शोधतोय, पाकिटासकट, फक्त शिक्का चेहऱ्यांवर नको.