मायक्रो सोल आणि मायक्रो सेट : दहा मॉडेल वॅगनींचे नंबर बदलून झाल्यावर

आमचे नाना पूर्णा जंक्शनला टीएनसी, म्हणजे गाड्यांच्या नोंदी ठेवणारे रेल्वेचे कारकून, होते. अकोल्याकडची लाइन मीटरगेज होती तेव्हापासून. मालगाडी यार्डात लागली की तीन सेलची बॅटरी आणि वही घेऊन गाडीच्या कडेनं चालत जायचं, एकेका वॅगनचा नंबर उतरवून घ्यायचा. पाऊस असो, थंडी असो. लहानपणी त्या वह्या मी पाहिल्यात. पानंच्या पानं नुसते आकडे.

मागच्या दिवाळीत मी एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याच्या, दहा बंद वॅगनी मागवल्या. परभणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर रूळ मांडला, रेक, म्हणजे इंजिनामागं जोडलेली वॅगनींची रांग, लावला आणि नानांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, इंजिनापासून वाचत गेले, शेवटच्या वॅगनपाशी थांबले. "दहाही वॅगनींला एकच नंबर हाय की गं. मी काय लिहून घेऊ?"

खरंच होतं. उत्पादकानं सगळ्यांवर एकच छाप मारला होता : ३१०९११०४२७८. इतक्या सुंदर वॅगनी, दरवाज्याच्या कड्यासुद्धा बारकाईनं केलेल्या, आणि नंबर मात्र सगळ्यांना सारखा. मला ते फार लागलं. तेव्हापासून मी छापलेले आकडे काढायच्या मागे आहे. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः मायक्रोस्केल कंपनीच्या दोन बाटल्यांचा आहे : लाल लेबलची मायक्रो सोल आणि निळ्या लेबलची मायक्रो सेट.

आधी काय वापरू नये ते सांगते. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही. त्यात ॲसिटोन असतं आणि ते प्लास्टिकच विरघळवतं. एका जुन्या, सुट्या वॅगनवर करून पाहिलं. नंबर गेला, पण खालची भिंत मऊ होऊन बोटाचा ठसा उमटला. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. त्यानं छाप फिका झाला, पण मागचा तपकिरी रंगही कापसावर यायला लागला. ब्लेडनं खरवडलं तर ओरखडा राहतो आणि तिरप्या उजेडात तो लगेच दिसतो.

मायक्रो सोल मुळात नंबर काढायचं औषध नव्हेच. डेकल, म्हणजे पाण्यातून सोडवून चिकटवायची पातळ छापील पापुद्री, मऊ करून खाचाखोचांत बसवायला ते असतं. पण माझ्या वॅगनींवरची छपाईची शाई त्यानं सैल होते आणि खालचा रंग जागचा हलत नाही. सगळ्याच उत्पादकांची शाई अशी सुटेल असं नाही. म्हणून आधी वॅगनच्या टोकाला, दिसणार नाही अशा एका अक्षरावर करून बघावं.

माझी पद्धत अशी. जो आकडा काढायचा त्याच्या चारी बाजूंनी मास्किंग टेप लावायची, नखानं कडा दाबायच्या. टिश्यूचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा त्या आकड्यावर ठेवायचा आणि ब्रशच्या टोकानं मायक्रो सोलचा एक थेंब सोडायचा. दहा मिनिटं थांबायचं. तुकडा वाळत आला तर आणखी एक थेंब. मग दात कोरायची बांबूची काडी घेऊन, तिचं टोक थोडं चावून मऊ करून, एकाच दिशेनं घासायचं. जोर नाही लावायचा. पहिल्यांदा काहीच होत नाही, आणि मग अचानक आकड्याची कड उठते, पांढरा चुरा काडीवर जमतो. सातच्या आकड्याची आडवी रेघ गेली, उभी राहिली, तीही गेली. शेजारचा दोन जसाच्या तसा. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी नानांना झोपेतून उठवून दाखवलं.

आता कोणते आकडे बदलायचे हा प्रश्न. मला वाटलं होतं, अकराच्या अकरा काढावे लागतील. नानांनी माझं काम कितीतरी कमी केलं. वॅगनच्या नंबरात पहिले दोन आकडे प्रकाराचे (३० ते ३९ म्हणजे बंद वॅगन), पुढचे दोन मालक रेल्वेचे (०९ म्हणजे आपली दक्षिण मध्य), मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळ्याचा, म्हणजे नंबर बरोबर आहे का ते तपासायचा. पडताळ्याचा आकडा मनानं टाकता येत नाही. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा यांच्या बेरजेची तिप्पट करायची, त्यात पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा मिळवायचे, आणि पुढच्या पूर्ण दहाला जेवढे कमी पडतात तो अकरावा. माझ्या छापात ६६ अधिक ६ म्हणजे ७२, ऐंशीला कमी ८. छाप बरोबर होता!

नाना म्हणाले, "अनुक्रमातला शेवटचा एकानं वाढिव, पडताळा तिनानं उतरतो." म्हणजे ०४२८ केलं की शेवटी ५, ०४२९ केलं की २. मागे आलं तर ०४२६ ला १, ०४२५ ला ४. नुसता दहावा आणि अकरावा आकडा बदलून शून्यापासून नऊपर्यंत दहा वेगवेगळे, आणि खरे ठरतील असे, नंबर तयार होतात. एक वॅगन तशीच ठेवायची. उरलेल्या नऊ, दोन बाजू, दोन आकडे, एकूण ३६.

पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनीच नवा मुद्दा काढला. खऱ्या रेकमध्ये अशा ओळीनं नंबर लागत नाहीत, देशभरच्या वॅगनी मिसळलेल्या असतात. मग तीन वॅगनींवरचा ०९ मधला नऊही काढला. एक उत्तर रेल्वेची ०३ केली, एक मध्यची ०१, एक दक्षिणची ०६, आणि तिन्हींचे पडताळे नव्यानं काढले. एकूण ४२ आकडे. दोन मिलिमीटरही उंची नसलेले.

नवे आकडे लावताना निळी बाटली लागते. घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही, म्हणून पांढऱ्या आकड्यांचं तयार डेकल मागवलं. लावायच्या जागी आधी ग्लॉस वार्निशचा हात द्यावा. खडबडीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि आकड्याभोवती चंदेरी चकाकी दिसते. मग मायक्रो सेटचा थेंब (व्हिनेगरसारखा वास येतो), त्यावर आकडा सरकवायचा, टोकदार ब्रशनं रेषेत आणायचा, पाणी टिपून घ्यायचं, वरून मायक्रो सोल. यानंतर आकडा सुरकुततो. हात लावू नका, तो आपोआप बसतो. शेवटी मॅट वार्निश मारलं की घासलेल्या जागेची चमकही जाते.

आपल्याकडचे दोन अनुभव वेगळे सांगायला हवेत, कारण बाटलीवर ते लिहिलेले नसतात. एक, बोअरचं पाणी वापरू नका. आमच्या पाण्यानं डेकल वाळल्यावर पांढरट क्षार उरले आणि गडद तपकिरी रंगावर ते डोळ्यांत भरत होते. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणल्यापासून तो त्रास संपला. दोन, मार्चनंतर दुपारी हे काम करू नका. थेंब पडल्या पडल्या वाळतो, आकडा अर्धवट सरकून अडकतो, आणि कूलर लावला तर सुटा आकडा उडून जातो. माझे पाचाचे दोन आकडे असेच गेले. पहाटे पाच ते सात, पंखा बंद, हीच वेळ.

किंमत बाटलीच्या मानानं जास्त वाटते. दोन्ही मिळून, कुरियर धरून, मला हजाराच्या वर पडल्या. पण ४२ आकडे काढून आणि बसवूनही लाल बाटली अर्धीच्या वर शिल्लक आहे. ज्यांच्याकडे एकाच नंबरच्या दोन जरी वॅगनी असतील त्यांनी ती घ्यावी असं मी मनापासून सांगेन. घाई असेल त्यांनी मात्र ब्लेड उचलण्यापेक्षा नंबर तसाच राहू द्यावा. खिडकी उघडी ठेवून काम करा, आणि लहान मुलांच्या हाताला बाटली लागू देऊ नका.

परवा रेक पुन्हा टेबलावर लावला. दिवे घालवून नानांनी बॅटरी मागितली, जुनी वही काढली आणि इंजिनापासून सुरुवात केली. हळूहळू वाचत, लिहीत, बोटांवर पडताळा करत. आठव्या वॅगनपाशी थांबले, बॅटरी जवळ नेली. "हिचा तीन वाकडा बसलाय, बघ." पाहिलं, तर वरची कमान जराशी उजवीकडे झुकलेली होती. ती वॅगन बाजूला काढलीय. टेप लावून झालीय, उद्या पहाटे तो तीन भिजवायचाय.