जिरेनियमच्या कलमांना रूटिंग पावडर लागते का?

दिवाळी उलटली की इंदूरच्या रोपवाटिकांत जिरेनियमच्या कुंड्या येतात आणि गल्ल्याजवळ रूटिंग पावडरच्या, म्हणजे कलमांना मुळे फुटावीत म्हणून लावायच्या भुकटीच्या, डब्याही मांडल्या जातात. कोवळ्या फांद्यांसाठी म्हणून विकली जाणारी अशी एक डबी मी आणली आणि एकाच झाडाची निम्मी कलमे पावडर लावून, निम्मी तशीच लावली. साधारण तीन आठवड्यांत दोन्हींना मुळे फुटली आणि त्यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक दिसला नाही.

पावडर निरुपयोगी आहे असे नव्हे. शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेले इंडोल ब्युटिरिक आम्ल हे मुळे फुटायला चालना देणारे द्रव्य गुलाब किंवा बोगनवेलीच्या कडक फांद्यांना खरोखर मदत करते. जिरेनियमची फांदी मात्र मुळातच सहज मुळे धरणारी आहे. माझा खरा आक्षेप डबीवरच्या सूचनांना आहे. कलम लावल्यावर कुंडीवर पॉलिथिनची पिशवी चढवावी, असे तिथे सरसकट छापले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागांतून आलेल्या या झाडाच्या लवदार पानांभोवती आणि रसाळ देठाभोवती दमट हवा कोंडली, की पिथियमसारख्या रोगकारकांचे फावते आणि कलम बुडापासून काळे पडत जाते. आम्लाचे प्रमाणही डबीवर दिलेले नाही, आणि अशा वस्तूच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते.

पावडरपेक्षा महत्त्वाची आहे ती कापणी. सात ते दहा सेंटीमीटरचा निरोगी शेंडा पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने कापावा, खालची पाने, पेराजवळची उपपर्णे (देठाच्या बुडाशी असणारी पानासारखी छोटी पाती) आणि असतील त्या कळ्या काढाव्यात, आणि काप काही तास सावलीत सुकू द्यावा. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती टाळून जाड वाळू आणि कोकोपीट यांचे मिश्रण घ्यावे व ते जेमतेम ओलसर ठेवावे. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कलमे कुजतात आणि मे महिन्याचे ऊन त्यांना सोसवत नाही. लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेने सुगंधी जिरेनियमची मातृरोपे पावसापासून वाचवण्यासाठी पॉलिथिनच्या निवाऱ्याचे तंत्र मुद्दाम विकसित केले आहे.

गुलाबासाठी पावडर घ्यायचीच असेल, तर आम्लाचे प्रमाण आणि निर्मितीची तारीख छापलेली डबी निवडावी आणि लागेल तेवढीच पावडर बशीत काढून घ्यावी, कारण ओली फांदी थेट डबीत बुडवल्यास उरलेला साठाही खराब होतो.