स्टीलच्या घड्याळाला सोन्याचं पाणी : तालुक्याच्या बाजारातलं काम किती टिकतं?

लगनसराई जवळ आली की तालुक्याच्या सराफा ओळीत तोरड्या-मंगळसूत्रांसोबत घड्याळंही 'पाणी द्यायला' येतात. सकाळी दिलं की संध्याकाळी पिवळंधमक परत. दिसायला काम झकास असतं. टिकण्यात मात्र दुकानादुकानात मोठा फरक पडतो, आणि त्याचं कारण बहुतेकदा सोनं चढवण्याच्या आधीच घडलेलं असतं.

स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो. त्याच्यामुळे स्टील गंजत नाही आणि त्याच्यामुळेच त्यावर सोनंही धरत नाही. घासून काढला तरी हवा लागताच तो पुन्हा तयार होतो. तोरड्यांसारखं नुसतं धुऊन सोन्याच्या द्रावणात सोडलं तर पोपडे निघणारच. मधे निकेलचा 'स्ट्राइक', म्हणजे सोनं धरून ठेवणारा पातळ पहिला थर, हवा : लिटरमागे साधारण 240 ग्रॅम निकेल क्लोराइड आणि सव्वाशे मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन-तीन मिनिटं करंट. आम्ल पापुद्रा खातं आणि लगेच निकेल बसतं. मग डिस्टिल्ड पाण्यात भरपूर धुऊन, ओलं असतानाच सोन्यात. निकेल वाळू दिलं तर त्याच्यावरही पापुद्रा चढतो आणि वरचं सोनं सुटतं. धुण्यातही कसूर नको. सोन्याचं द्रावण बहुधा सायनाइडचं असतं, त्यात आम्ल गेलं की जीवघेणा वायू निघतो. यूट्यूब पाहून घरी करायचा हा उद्योग नाही.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न एकच : "भाऊ, स्टीलला आधी निकेल मारता का?" उत्तर चाचरत आलं तर घड्याळ खिशात घालून निघा.

दुसरा प्रश्न मायक्रॉनचा, म्हणजे थराच्या जाडीचा (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पट्टा दोन्ही बाजूंनी आणि केस (घड्याळाची बाहेरची डबी) धरून सुमारे 80 चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग होतो. त्यावर 1 मायक्रॉन थर द्यायला जवळपास 0.15 ग्रॅम सोनं लागतं. हिशोबापुरतं सोनं ग्रॅमला दहा हजार धरा : दीड हजारांचं नुसतं सोनंच झालं. चार-पाचशेत 'एक मायक्रॉन' सांगणारा 0.1-0.2 मायक्रॉनचं फ्लॅश, म्हणजे नुसता नावापुरता थर, देतो आहे. लग्नातल्या फोटोपुरतं तेवढं पुरे, पण रोज वापरलं तर काही महिन्यांत क्लॅस्पवर (पट्ट्याच्या खटक्यावर) आणि कड्यांच्या घासणाऱ्या कडांवर पांढरं दिसू लागतं. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हातला घाम आणि शेतातला फुफाटा हे काम आणखी लवकर करतात : धूळ घासते, आणि थराच्या बारीक छिद्रांतून घामातलं मीठ निकेलपर्यंत पोचतं. निकेलची ॲलर्जी असणाऱ्याला मग मनगटावर खाज सुटते.

घड्याळ उलटं करूनही बघा. मागे 'स्टेनलेस स्टील बॅक' एवढंच लिहिलं असेल तर स्टील फक्त झाकणाचं. केस बहुधा पितळेची आणि वर क्रोम. केसला पट्टा जिथे अडकतो त्या कानांच्या कडा झिजून पिवळं दिसतं ते सोनं नव्हे. तिथे जुनं क्रोम आधी उतरवावं लागतं.

मशीन, काच, रबरी वॉशर आणि चावी काढूनच केस द्यावी. सगळं जोडून बुडवणाऱ्याकडे देऊ नका. ओरखडेही आधीच पॉलिश करून घ्या, थराखाली ते लपत नाहीत, उलट उठून दिसतात.

घरी नेण्याआधी पट्ट्याच्या मागच्या बाजूला सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपवर पिवळे कण आले तर काम परत करा. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवल्यावर वरचा थर चिकट झाला तर चकाकी लॅकरची (पारदर्शक वार्निशची) आहे असं समजा.

गुणच द्यायचे तर निकेल मारून केलेल्या केसला पाचपैकी साडेतीन, पट्ट्याला दीड. पैसे मोजायचेच असतील तर केसला 1 मायक्रॉन करून घ्या आणि पट्टा चामड्याचा लावा. पुसायला ओलं मऊ फडकं बस, राख आणि टूथपेस्ट लांब ठेवा.